शोकाचं प्रमाण वजन

प्रमिला गेल्याचं मला कळलं त्या मंगळवारी सकाळी मी सांगलीच्या हळद बाजारात एका अडत्याचा तीनशे किलोचा काटा तपासत होतो. माझा धंदा वजनकाटे दुरुस्तीचा. काट्याच्या चारी कोपऱ्यांवर आळीपाळीने वीस किलोचं प्रमाण वजन ठेवायचं आणि आकडा सगळीकडे सारखा येतो का ते बघायचं. तीन कोपरे झाले होते. चौथ्यावर वजन ठेवायला उचललं आणि फोन वाजला.

“प्रमिला कासार यांच्या जवळचे कोण?”

“मी नवरा. सदानंद कासार.”

“तुम्ही हॉस्पिटलच्या तळमजल्यावर आधारकक्षात या. वॉर्डात जाऊ नका.”

वॉर्डात जाऊ नका म्हटल्यावर काय ते कळतं. पित्ताशयातले खडे काढायला दाखल केलेली बाई. आदल्या संध्याकाळी तिनेच मला घरी पाठवलं होतं, कुकरला शिट्टी लावायला विसरू नका म्हणाली होती. मी अडत्याला सांगितलं, चौथा कोपरा राहिलाय, तोवर काटा वापरू नका. मग रिक्षात बसलो. रिक्षा आपोआप चालणारी होती. प्रत्येक सिग्नलला ती शिस्तीत थांबत होती आणि घाई करा म्हणून सांगायला पुढे माणूस नव्हता.

आधारकक्षात प्लास्टिकची झाडं होती आणि कसला तरी गोड वास सोडला होता. पस्तिशीचा एक गृहस्थ खुर्चीतून उठला, हात जोडले आणि माझ्या मनगटावर रबरी पट्टा बांधला.

“काका, मी निनाद. तुमचा आधारसेवक. या क्षणात मी तुमच्यासोबत उपस्थित आहे.”

“माझी बायको कुठंय?”

त्याच्या कानात छोटं यंत्र होतं. ते काय सांगतंय ते ऐकून घेऊन तो म्हणाला, “प्रमिलाताईंचा प्रवास आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झाला.”

“मेली का ती?”

“काका, आम्ही तो शब्द वापरत नाही.”

“मी वापरतो. मेली का?”

त्याने टेबलावरच्या टॅबकडे पाहिलं. मग हो म्हणाला. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. हे मला दोन दिवसांनी कागदावर वाचायला मिळालं. त्याला ते माहीत नव्हतं, आणि विचारून सांगतो असंही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, “तुमच्या वेदनेला माझ्या मनात जागा आहे.”

असं मराठी मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझे वडील मिशनच्या दवाखान्यात वारले तेव्हा तिथे एक म्हातारे चॅप्लिन होते, म्हणजे आजाऱ्यांना नि नातेवाइकांना धीर देणारे पाद्री. त्यांनी मला चहा पाजला, गावाकडे न्यायला गाडी बघितली का विचारलं, आणि गाडी येईपर्यंत शेजारी बसून राहिले. देवाचं नाव एकदाच घेतलं, तेही दार अडकलं तेव्हा. निनादला काय बोलावं ते यंत्र सांगत होतं आणि तरी त्याला काही बोलता येत नव्हतं.

टॅब टेबलावर सपाट पडला होता आणि मला नीट दिसत होता. अर्धगोल तबकडी, लाल ते हिरवी, आणि तिच्यावर एक काटा. काटा लाल भागात थरथरत होता. तो कशाचा आहे ते मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो. निनाद बोलत राहिला. मला आठवतं ते इतकंच की मध्येच मी म्हणालो, “माझा चौथा कोपरा राहिलाय.” थोड्या वेळाने काटा हिरव्यावर जाऊन थांबला.

निनादचा चेहरा उजळला. “खूप छान, काका,” तो म्हणाला.

बायको मेल्याचं कळल्यापासून अकराव्या मिनिटाला मला कुणीतरी खूप छान म्हणालं. मग पट्टा सोडून घेतला आणि शवागाराचा रस्ता दाखवला.

आठ महिन्यांनी त्या हॉस्पिटलच्या प्रशिक्षण संस्थेतून फोन आला. आधारसेवकांचा नवा वर्ग बाहेर पडतोय, राज्यभर हा अभ्यासक्रम लागू होणार आहे, मुंबईहून पाहुणे येणार आहेत, तुमचा सत्कार करायचा आहे. मी म्हटलं, कशाबद्दल? तर म्हणे, तुमच्या योगदानाबद्दल. मी कधी कशाला वर्गणी दिलेली आठवत नव्हती. तरी गेलो. घरात करायला काही नव्हतं.

संस्थेचे प्रमुख डॉ. अभिनंदन चौगुले. सदरा स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ. त्यांनी मला शाल आणि नारळ दिला आणि यंत्र समजावून सांगितलं. माणूस हुशार, समजावणं चांगलं.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यात रक्त भरतं आणि कातडीचा रंग किंचित बदलतो. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. टेबलाखाली रडारसारखी एक चकती असते, ती छाती किती वर-खाली होते ते मोजते. मनगटाचा पट्टा घाम मोजतो. माइक आवाजातला कंप मोजतो. या चारांचं मिळून एक गणित केलं की शून्य ते शंभरातला एक आकडा निघतो. त्याला ते शमनांक म्हणतात. विसाच्या खाली म्हणजे माणूस कोसळलेला. पंच्याऐंशीच्या वर म्हणजे त्याचं सांत्वन झालं.

“पूर्वी हे काम शिकायला वर्षानुवर्षं लागायची,” चौगुले म्हणाले. “कुणातरी ज्येष्ठाच्या मागे वॉर्डात फिरायचं, मरणाऱ्यांच्या उशाशी बसायचं. आणि शेवटी आपल्याला जमतंय की नाही हे कुणालाच सांगता यायचं नाही. आता सहा आठवड्यांत होतं.”

“हे यंत्र बरोबर मोजतं हे कशावरून?” मी विचारलं. चाळीस वर्षं मी हाच प्रश्न विचारून पोट भरलंय. “कुठलाही काटा कशाशी तरी ताडून बघावा लागतो. तुमचं प्रमाण वजन कुठंय?”

त्यांना प्रश्न फार आवडला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुम्हीच, काका.”

मग त्यांनी मला वर्गात नेलं. तीस जण बसले होते. पुढे पडद्यावर एक माणूस खुर्चीत बसलेला. चेहरा माझा नव्हता, जरा देखणा होता. प्रशिक्षणार्थी एकेक करून त्याच्यापुढे बसायचे, त्याचं सांत्वन करायचे, आणि तो खऱ्या माणसासारखी उत्तरं द्यायचा. मी दोन मिनिटं बघितलं. मग तो पडद्यावरचा माणूस म्हणाला, “माझा चौथा कोपरा राहिलाय.”

आवाज माझा होता.

त्यांनी दोनशे बारा नातेवाइकांची मापं घेतली होती. परवानगी होती म्हणे. प्रमिलाला दाखल करताना मी अकरा सह्या केल्या होत्या, त्यातली एक त्यासाठी होती. बाकीच्या दोनशे अकरा जणांचे आलेख वेडेवाकडे होते. कुणी किंचाळलं, कुणी भिंतीवर डोकं आपटलं, कुणी उठून निघून गेलं. माझा एकट्याचा आलेख सरळ चढत गेला, अठरापासून एक्याण्णवपर्यंत, अकरा मिनिटांत. संशोधकाला सरळ रेघ मिळाली की तो तिच्या प्रेमात पडतो. त्यांनी तोच आलेख मानक धरला, त्या अकरा मिनिटांवरून सरावाचा माणूस बनवला, आणि निनाद जे जे बोलला होता ते क्रमांक घालून पाठ करायला दिलं. वेदनेला जागा असलेलं वाक्य सातव्या नंबरचं होतं. गावोगावच्या वर्गांतून चार हजार लोक ते पाठ करून बाहेर पडले होते आणि दवाखान्यांत लोकांच्या तोंडावर फेकत होते. निनाद उपसंचालक झाला होता.

चहाच्या सुट्टीत एक बाई माझ्याजवळ आली. तिशीची, सुती साडी, हातात दोन कप. एक मला दिला.

“काका, मी एस्तेर लोंढे. मिरजेची. एक विचारू? चौथा कोपरा म्हणजे काय असतं हो?”

आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तिला काटा, कोपरे, वीस किलोचं वजन, सगळं सांगितलं. ती हसायला लागली आणि चहा सांडला.

“आम्हाला मोक्ष शिकवलाय. धर्म, अर्थ, काम हे तीन कोपरे झाले, चौथा मोक्ष. दहा गुणांना येतं.”

“मग तू काय लिहिलंस?”

“मी लिहिलं, माहीत नाही, त्यांना विचारायला हवं. शून्य मिळालं.”

एस्तेर पाच वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात नर्स होती. माणूस गेला की बाकीच्या नर्सा तिलाच नातेवाइकांकडे पाठवायच्या. आता नियम आला होता की प्रमाणपत्र नसेल तर नातेवाइकांशी त्या बाबतीत बोलायचं नाही. म्हणून ती हा कोर्स करत होती. परीक्षेत दोनदा नापास झाली होती. सरावाचा माणूस तिच्यापुढे शांतच होत नव्हता. आज तिसरी आणि शेवटची खेप.

“आज नापास झालीस तर?”

“तर इंजेक्शनं द्यायची आणि गप्प बसायचं. समोर बाई छाती बडवत असली तरी आधारसेवक येईपर्यंत गप्प बसायचं. जमेल का काय माहीत नाही. काका, बिस्कीट घ्या की.”

सुट्टीनंतर चौगुलेंनी पाहुण्यांना एक चमत्कार दाखवायचं ठरवलं. पडद्यावरच्या माणसाऐवजी खुद्द काकाच खुर्चीत बसतील. वर्गातली सर्वांत कच्ची विद्यार्थिनी त्यांच्यापुढे बसेल. सात नंबरपर्यंतची वाक्यं नीट म्हटली तर तीसुद्धा अकरा मिनिटांत पंच्याऐंशी गाठेल, आणि तीच तिची परीक्षा धरली जाईल. “ज्यांच्यावरून माप बनलं ते स्वतःच समोर आहेत,” ते म्हणाले. “याहून सोपा पेपर नाही.”

मला हो-नाही विचारलं नाही. शाल दिलेल्या माणसाला विचारत नाहीत.

पट्टा बांधला. तबकडी भिंतीवर मोठी करून लावली, पाहुण्यांना दिसावी म्हणून. लाल भागात काटा थरथरायला लागला. त्याच्याकडे बघितलं आणि त्या मंगळवारी काय झालं होतं ते मला तेव्हा कळलं.

सोनाराचा जुना काटा फार हलका असतो. नुसत्या श्वासाने पारडं हलतं. म्हणून तो जुळवताना आम्ही श्वास रोखतो. अंग सैल सोडायचं, पापणी हलू द्यायची नाही, काटा थांबेपर्यंत थांबायचं. नाडीही मंदावते. सोळाव्या वर्षी वडिलांनी शिकवलं, आता थरथरता काटा दिसला की आपोआप होतं. त्या दिवशी टेबलावर काटा थरथरत होता, मी तो थांबवला. दुसरं काही झालं नाही. तो काटा मलाच मोजत होता, म्हणून तो थांबला. छाती हलत नाही, नाडी मंद, आवाज नाही, म्हणजे माणसाचं सांत्वन झालं, असं यंत्राने ठरवलं. दगड ठेवला असता तर त्याला शंभर मिळाले असते.

आणि यावर चार हजार माणसं घडवली.

मग दुसरा विचार आला. मी आत्ताही काटा थांबवू शकतो. एस्तेर पास होईल. खोट्या मापावर शिक्का मारायचा, एवढंच. आयुष्यात एकदाही मारला नव्हता. समोर ती बसली होती, हात मांडीवर, आणि मी ठरवलं की मारायचा.

तिने सात नंबर म्हटला नाही. ती म्हणाली, “काका, घरी काय राहिलंय?”

“घरचा काटा,” मी म्हणालो. “स्वयंपाकघरातला. ती चकलीची भाजणी करून द्यायची लोकांना, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या. दोन वर्षं सांगत होती, तुमचा काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो, बघा जरा.”

काटा लाल भागात तळाला गेला. चौगुलेंनी घसा खाकरला. मी श्वास रोखला. अंग सैल सोडलं. काटा हलला, तीस, पन्नास, सत्तर. पाहुणे पुढे झुकले. ऐंशी. सत्त्याऐंशी. कुणीतरी हळूच टाळी वाजवली. आणखी तीन-चार मिनिटं तसं धरलं की झालं होतं. मला जमतं ते. मध्ये लोकांना दिसणार नाही एवढा थोडा श्वास घ्यायचा.

सगळी खोली तबकडीकडे बघत होती. एस्तेर माझ्याकडे बघत होती.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही श्वास घेत नाही आहात. श्वास घ्या.”

मी डोळ्यांनी तिला भिंत दाखवली. तिने मान वळवली नाही.

“श्वास घ्या,” ती पुन्हा म्हणाली.

मी घेतला. मग जे झालं ते त्या मंगळवारी व्हायला हवं होतं. परक्या लोकांपुढे, शाल अंगावर असताना झालं. काटा कुठे गेला मी बघितलं नाही. नंतर कळलं की नऊवर होता.

एस्तेरने खुर्ची जवळ ओढली. बऱ्याच वेळाने पाणी दिलं आणि विचारलं, “मग वीस ग्रॅमचं त्या काय करायच्या?”

“पिशवी भरली की वर एक मूठ टाकायची. म्हणायची, तुमचा काटा खोटा बोलतो म्हणून मी कशाला बोलू.”

“केवढी मूठ?”

मी दाखवली. “एवढी नाही. लहान.”

“अशी?” तिने तिची दाखवली.

“जराशी मोठी.”

अकरा मिनिटं झाली म्हणून घंटा वाजली. बारा गुण. नापास.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी चौगुलेंना श्वासाची गोष्ट सांगितली. करून दाखवली. काटा तीनदा हिरव्यावर नेला, तीनदा खाली आणला. ते खुर्चीत बसले. हुशार माणूस, एका फटक्यात कळलं.

“हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“अजून नाही. तुमचं प्रमाण वजनच खोटं आहे. त्यावरून जुळवलेले सगळे काटे खोटे. आमच्यात असं झालं तर सगळे परत मागवतात.”

“काका, ही माणसं आहेत. चार हजार जणांची प्रमाणपत्रं परत मागवू? पुढच्या महिन्यात राज्यभर लागू होतंय.”

“मग माझं माप तरी काढा त्यातून.”

“तुमची परवानगी पाच वर्षांची आहे.” त्यांनी आवाज मऊ केला. “तुम्ही फार कठीण काळातून जात आहात. आणि खरं सांगू का, तुमच्या वेदनेला माझ्या मनात…”

“सात नंबर,” मी म्हणालो.

ते थांबले. आपण काय बोलत होतो ते त्यांच्या खरंच लक्षात आलं नव्हतं.

“त्या लोंढेबाईला तरी पास करा. खोलीत माणसाकडे बघणारी तेवढी एकच होती.”

“बारा गुण आहेत काका. मी काय करू?”

मी शाल त्यांच्या टेबलावर ठेवली. नारळ ठेवून घेतला. नारळाने माझं काही वाईट केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या वजनमाप निरीक्षकांना लेखी तक्रार दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. “कासार, तुमचं म्हणणं पटतं,” ते म्हणाले, “पण कायद्यात किलो आहे, लिटर आहे, मीटर आहे. हे कशात घालू?” मी म्हटलं, कशातही घाला, पोच द्या. त्यांनी पोच दिली. हॉस्पिटललाही पत्र पाठवलं, आरोग्य खात्यालाही. हॉस्पिटलचं उत्तर आलं. आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या आहेत, असं त्यात होतं. खाली उपसंचालक निनाद यांची सही.

अभ्यासक्रम लागू झाला. राज्यात कुणाचं माणूस गेलं की त्याच्यापुढे आता माझी अकरा मिनिटं शिकलेला एक जण येऊन बसतो, आणि समोरचा गप्प झाला की खूप छान म्हणतो. लोक गप्प होतातही. असल्या बोलण्यापुढे दुसरं काय करणार. यंत्राला ते हिरवं दिसतं, आणि संस्थेचा निकाल शंभर टक्के लागतो.

एस्तेर मिरजेत तिच्या वॉर्डात परत गेली. इंजेक्शनं देते. गेल्या आठवड्यात तिला लेखी ताकीद मिळाली, एका म्हाताऱ्याजवळ विनापरवाना बसल्याबद्दल. फोनवर वाचून दाखवली आणि हसली. “विनापरवाना बसल्याबद्दल, काका. दारू विकल्यासारखं.”

मी तिला माझ्याकडची बातमी सांगितली. कपाटात प्रमिलाने भरलेल्या भाजणीच्या तीन पिशव्या सापडल्या. मी त्या माझ्या दुकानात नेल्या, शिक्का मारलेल्या काट्यावर ठेवल्या. पाचशे एक, चारशे नव्व्याण्णव, पाचशे.

“आणि घरचा काटा?” एस्तेरने विचारलं.

अडत्याचा चौथा कोपरा मी पंधराव्या दिवशीच जाऊन पुरा केला होता. माझ्या तक्रारीचा निकाल यायचा आहे. घरचा काटा अजून वीस ग्रॅम जास्त दाखवतो. तो दुरुस्त करायचा राहिला आहे.